सोडावाल्यांच्या जुन्या बाटल्या: जमवायच्या की परत करायच्या?

बाटलीभर

नमस्कार मंडळी,

पुण्यात कॅम्पात शरबतवाला चौकातल्या अर्देशीर अँड सन्सचा सोडा इथल्या बऱ्याच जणांनी प्यायला असेल. अर्देशीर खोदादाद इराणी यांनी १८८४ साली सुरू केलेला धंदा, आजही घरच्यांच्याच हातात. रासबेरी, जिंजर, ऑरेंज, आइस्क्रीम सोडा, सगळं काचेच्या बाटलीत आणि बाटली परतीची.

मला अशा घरगुती सोडावाल्यांच्या आणि सरबतवाल्यांच्या बाटल्या जमवायचा नाद आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाटल्यांत मला रस नाही. एका गावातलं एक कुटुंब, त्यांचं यंत्र, त्यांचं नाव काचेत उठवलेलं, असं काही हाताला लागलं की जेवण सुचत नाही. जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे, पाडापाडीला निघालेल्या वाड्यांच्या माळ्यावर वगैरे फिरून बरा साठा झाला आहे. गोटीवाल्या आहेत, बुचाच्या आहेत, पत्र्याच्या झाकणाच्या आहेत.

जे कारखाने कधीच बंद पडले त्यांच्या बाटल्यांबद्दल मनात काही नाही. घोळ आहे तो चालू कारखान्यांचा. आपण डिपॉझिट भरून बाटली घरी आणतो, सोडा पितो आणि बाटली ठेवून घेतो. मी म्हणतो पैसे भरले, बाटली माझी. बायको म्हणते, डिपॉझिट भरलं म्हणून लायब्ररीचं पुस्तक आपलं होतं का?

तर प्रश्न: चालू असलेल्या छोट्या सोडावाल्याची बाटली संग्रहात ठेवणं योग्य आहे का? आणि जाता जाता, बाटलीचा काळ कसा ओळखता आणि आतून साफ कशी करता, तेही सांगा.

तिरकस

वहिनींशी सहमत. धागा संपला.

कॅम्पकर

फोटोशिवाय संग्रहाचा धागा काढणं हे पाप आहे. आधी फोटो टाका.

बाकी अर्देशीरचं नाव वाचूनच तहान लागली. बिर्याणी, वर रासबेरी आणि मग दुपारची झोप. ज्याला हे माहीत नाही त्याने कॅम्प पाहिला असं म्हणू नये.

गुळपोळी

रासबेरी म्हणजे तो कफ सिरपसारखा लाल प्रकार ना? पारशी मैत्रिणीच्या लग्नात पात्रानी मच्छीसोबत दिला होता. एक घोट घेतला आणि बाटली हळूच शेजारच्या काकांकडे सरकवली.

कॅम्पकर

@गुळपोळी, शेजारचे काका कोण होते ते कळवा, त्यांच्याशी ओळख करून घ्यायची आहे. लगननु भोनु, म्हणजे पारशी लग्नाचं जेवण असेल आणि रासबेरी नसेल तर मंडळी रुसतात. मुंबईत पालनजी, पुण्यात अर्देशीर. पालनजीवाले आपलं साल १८६५ सांगतात.

निवांत नाना

काळ कसा ओळखायचा याबद्दल थोडं लिहितो. मी बाटल्या नाही, लेबलं आणि काड्यापेट्या जमवतो. पण युक्त्या त्याच.

लेबल शिल्लक असेल तर काचेकडे नंतर बघा. पत्त्यात पिनकोड आहे का? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, म्हणजे लेबल त्यानंतरचं. किंमत आण्यात आहे का? दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला सुरू झाली, म्हणजे बहुधा त्याआधीचं. माप औंसात असेल तर साधारण १९६० च्या अलीकडचं नसावं, कारण तोवर मेट्रिक मापं सक्तीची होत आली होती. सरबताच्या, स्क्वॅशच्या बाटलीवर एफपीओ असा शिक्का असेल तर १९५५ नंतरची, कारण फळांच्या पदार्थांचा तो कायदाच १९५५ चा. एफएसएसएआयचा, म्हणजे हल्लीच्या अन्नसुरक्षा खात्याचा क्रमांक दिसला तर बाटली तुमच्या मुलांपेक्षा लहान आहे, परत करून या.

'बॉम्बे' असं लिहिलेलं पाहून हुरळून जाऊ नका. १९९५ पर्यंत सगळेच बॉम्बे लिहीत होते.

फुटकी_चिमणी

नाना, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

भंगारप्रेमी

नानांनी लेबलाचं सांगितलं, मी काचेचं सांगतो. लेबल पहिल्या पावसातच जातं, काच राहते.

बाटली उजेडात धरून बाजूची शिवण बघा. साच्याच्या दोन भागांचा जोड असतो त्याची रेघ. ही रेघ थेट ओठांवरून पार गेली असेल तर बाटली यंत्रावर झालेली. मानेपाशी विरून गेली असेल तर तोंड नंतर हाताने घडवलेलं, म्हणजे बहुधा जुनी. अमेरिकेत मायकेल ओवेन्सने बाटल्यांचं स्वयंचलित यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणलं, पण आपल्याकडे हाताचं काम त्यानंतरही खूप वर्षं चाललं. त्यामुळे शिवण विरली म्हणून लगेच 'व्हिक्टोरिया राणीच्या काळातली' असं ठोकून देऊ नका. काचेत बुडबुडे, तिरपी मान, बुडाला डुगडुगणं, हे सगळं एकत्र बघायचं.

हिरवट निळी झाक दिसते ती वाळूतल्या लोहामुळे. कोणी मुद्दाम रंग दिलेला नसतो. फिकट जांभळी दिसली तर ती काच पूर्वी पांढरी करण्यासाठी मँगनीज घातलेली असते आणि उन्हात राहून जांभळी होते. मात्र आजकाल हाच जांभळा रंग कृत्रिम किरणांनी आणूनही विकतात. गडद वांगी रंग दिसला की पाकीट खिशात ठेवा.

नावं काचेत उठवलेली असतील तर बोट फिरवून बघा. जुन्या वापरलेल्या बाटलीची अक्षरं कडेला गुळगुळीत झालेली असतात, कारण ती शेकडो वेळा क्रेटमध्ये घासली गेलेली असते.

तिरकस

बाटलीवरून बोट फिरवताना कोणी पाहिलं तर काय सांगायचं?

भंगारप्रेमी

संशोधन चालू आहे म्हणायचं.

मीनल_ठाणे

आमच्याकडे गोल्डस्पॉटची बाटली होती. आजी त्यात फिनेल ठेवायची. एका पाहुण्यांनी… असो. वाचले.

इरसाल पाव्हणा

जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत सोडा सोडून बाकी सगळं पाहिलंय. रॉकेल, खोबरेल, काकवी, गोमूत्र, आणि मामाच्या बाटलीत जे होतं ते आम्हाला कधी सांगितलं नाही.

निवांत नाना

गोटीच्या बाटलीवर कोणीच बोलेना. आमच्या लहानपणी बार्शीला स्टँडसमोर सोड्याची गाडी असायची. यंत्र म्हणजे लोखंडी पिंजरा, त्यात बाटल्या आडव्या बसवायच्या, गॅसची नळी जोडायची आणि दांडा धरून पिंजरा गरागरा फिरवायचा. पाण्यात गॅस मुरला की बाटली उलटी होते, गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतल्या दाबाने रबराच्या वायसरला चिकटून बसते. बाहेरून बूच नाही, दोरी नाही, काही नाही. पोरं सोड्यासाठी कमी आणि ते फिरणं बघायला जास्त जमायची. पिंजऱ्याला झाकण लावल्याशिवाय यंत्रवाला दांड्याला हात लावत नसे, कारण भरताना बाटली फुटणं ही रोजची गोष्ट.

प्यायच्या वेळी अंगठ्याने नाहीतर लाकडी टोपीने दाबायची, फट्ट आवाज, गोटी आत. मानेत दोन खळगे असतात बघा, ते शोभेचे नाहीत. ओतताना गोटी त्या खळग्यांत अडकून राहावी म्हणून. नवखा माणूस बाटली उलट्या बाजूने धरतो आणि गोटी पुन्हा येऊन तोंड बंद करते, मग सगळी गाडी त्याला हसते.

केमिस्ट्री मास्तर

नानांच्या वर्णनाला पुस्ती. ही बाटली हायरम कॉड या इंग्रज माणसाची. १८७२ च्या पेटंटमध्ये ती आज दिसते त्या रूपात आली. त्याआधी सोडावॉटरला कॉर्कचं बूच असायचं. कॉर्क वाळला की आकसतो आणि गॅस निघून जातो. म्हणून त्या काळी बुडाला टोकदार असलेल्या बाटल्या होत्या, ज्या उभ्या राहूच शकत नसत. आडवी ठेवली की कॉर्क ओला राहतो. असली बाटली कोणाला मिळाली तर मला दाखवा तरी.

मग १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याचं झाकण काढलं, तेच जे आपण ओपनरने उडवतो. स्वस्त, धुवायला सोपं. इंग्लंडात गोटीची बाटली त्यापुढे टिकली नाही. आपल्याकडे टिकली, कारण आपल्याकडे गाडीवाला एकटाच भरतो, एकटाच विकतो आणि बाटली जागेवरच परत घेतो. त्याला दर वेळी नवीन झाकण विकत घ्यायचं नसतं. गोटी कायमची, वायसरही पुन्हा पुन्हा चालतो.

कोकणची_माया

पण गोट्या काढायला आम्ही किती बाटल्या फोडल्या असतील! हिरवी गोटी मिळाली की शाळेत भाव.

केमिस्ट्री मास्तर

@कोकणची_माया, हे तुम्हीच नाही, इंग्लंडातल्या पोरांनीही तेच केलं. अखंड जुन्या गोटी बाटल्या कमी मिळतात याचं एक मोठं कारण पोरं. दुसरं कारण दंगली. सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या ही बातमी आमच्या वडिलांच्या पिढीने किती वेळा वाचली असेल.

तिरकस

आणि तिसरं कारण, त्या बाटल्यांची बुडं कापून चष्मे करायचे. आमच्या गणिताच्या सरांचा नक्की तसाच होता.

हेमांगी_ओसाका

इकडे जपानमध्ये गोटीची बाटली अजून घरोघरी आहे, रामुने नावाने. उन्हाळ्यातल्या जत्रांत तिच्याशिवाय चालत नाही. कोबेच्या परदेशी वसाहतीत अलेक्झांडर कॅमेरॉन सिम नावाच्या स्कॉटिश माणसाने १८८४ मध्ये ती सुरू केली असं इथे सांगतात. म्हणजे अर्देशीरचं आणि रामुनेचं साल एकच! मुलाला सांगितलं तर म्हणाला, मग आजोबांकडे गेल्यावर दोन्ही समोरासमोर ठेवून पिऊ. आता विमानात सोड्याची बाटली न्यायची कशी ते कोणी सांगा.

इरसाल पाव्हणा

चेक-इन बॅगेत पैठणीत गुंडाळून. फुटली तरी पैठणीला रासबेरीचा काठ मिळेल.

तळेगावकर

बाटली कुठली हे विचारताना आपण नेहमी सोडावाल्याचं नाव वाचतो, काच कोणी केली ते बघत नाही. आमच्या तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना कोणाला आठवतो का? अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी ती उचलून धरली आणि १९०८ मध्ये त्या पैशांतून काच कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवला. नुसता कारखाना नव्हता, शिकवण्याची जागा होती. इथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले.

त्याआधी नाव असलेली गोटी बाटली हवी असेल तर विलायतेतून मागवावी लागे. म्हणून जुन्या बाटलीवर पुढे आपल्या गावचं नाव आणि मागे बार्न्सलीच्या कारखान्याचं नाव असा प्रकार सापडतो. बार्न्सलीच्या रायलँड्सनी कॉडबरोबर भागीदारीच केली होती. अशी बाटली माझ्या मते सोडावाल्याच्या पाटीपेक्षा मोलाची.

भंगारप्रेमी

@तळेगावकर, मस्त माहिती. बुडाची खूण बघायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. हल्लीच्या गोटी बाटल्या उत्तर प्रदेशातल्या सासनीच्या असतात. चोरबाजारात त्याच बाटल्या चिखलात लोळवून 'ब्रिटिश पीरियड' म्हणून विकताना मी पाहिलं आहे. चिखल ताजा असतो, एवढंच सांगतो.

मीनल_ठाणे

कराडजवळच्या ओगलेवाडीला काच कारखाना होता ना? तिथल्या बाटल्या असतील का?

तळेगावकर

ओगले म्हणजे प्रभाकर कंदील. तो कारखाना १९१६ चा. सोड्याची बाटली मी तरी पाहिलेली नाही, कंदील मात्र माळ्यावर आहे.

गुळपोळी

अवांतर: कोकाकोला १९७७ मध्ये गेला तेव्हा या छोट्या लोकांचं फावलं असेल ना? बाबा डबल सेव्हनची गोष्ट सांगतात. सरकारी कोला!

कॅम्पकर

फावलं थोडं, पण थम्सअपही त्याच साली आला आणि त्याने बाजार उचलला. पुढे १९९३ मध्ये पारलेने थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट सगळं कोकाकोलालाच विकलं.

मुंबईचं ड्यूक्स घ्या. दिनशॉजी पांडोळे १८८८ च्या पारशी क्रिकेट संघातून इंग्लंडला गेले होते, गोलंदाज होते. परत येऊन १८८९ मध्ये सोड्याचा धंदा काढला आणि नाव दिलं क्रिकेटच्या चेंडूवरून, ड्यूक! ड्यूक्सचं लेमोनेड, मँगोला… एक पिढी त्यावर वाढली. १९९४ मध्ये कंपनी पेप्सीकडे गेली. सुरतेचं सोस्यो १९२३ चं, हजूरी कुटुंबाचं. त्यातला अर्धा हिस्सा २०२३ मध्ये रिलायन्सने घेतला. तमिळनाडूत कालीमार्कवाले १९१६ पासून आहेत, त्यांचा बोवोंटो प्या कधीतरी.

अशी यादी केली की लक्षात येतं, घरच्यांच्या हातात राहिलेले किती थोडे.

तिरकस

चेंडूचं नाव दिलं म्हणून बाटली टप्पा खाते का?

कोकणची_माया

तुम्ही सगळे सोडा सोडा करताय. सरबतवाल्यांचं काय? आमच्याकडे घरगुती कोकम आगळ आणि अमृत कोकम ज्या बाटल्यांत येतं त्या मूळच्या कशाच्या असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त लेबल बदलतं. आमच्या सोवळ्या आत्याच्या फडताळात अशा बाटल्यांची रांग होती. तिला सांगायची कोणाची हिंमत झाली नाही.

यावर कोणी संग्रह केलाय का? एका बाटलीचे दोन जन्म दाखवणारा?

बाटलीभर

@कोकणची_माया, माझ्याकडे आहे एक. वर हाताने लिहिलेलं 'कोकम', काचेत उठवलेलं दुसरंच काही. माझ्या आवडीच्या बाटल्यांपैकी.

फोटो संध्याकाळी टाकतो. सगळ्यांचे आभार. साफसफाईबद्दल अजून कोणी लिहिलं नाही.

फुटकी_चिमणी

साफसफाईवर मी लिहिते. काचेची जुनी चिमणी आणि बाटल्या दोन्ही धुण्याचा अनुभव आहे, नावावरून कळलं असेलच.

आधी कोमट पाण्यात नुसती भिजत ठेवा, रात्रभर. थंड बाटलीत एकदम कढत पाणी घालू नका, तडकते. मग मूठभर तांदूळ किंवा चुरलेली अंड्याची टरफलं, थोडं पाणी, थोडा धुण्याचा सोडा घालून हलवत बसा. वाळू आणि खडे अजिबात नकोत, आतून ओरखडे पडतात ते कायमचे. पांढरा क्षाराचा थर असेल तर लिंबाचं फूल पाण्यात विरघळवून भरून ठेवा, निघतो.

आता महत्त्वाचं. बाटली ओली असताना लख्ख दिसते आणि वाळली की पुन्हा धुरकट होते, असं असेल तर तो क्षार नव्हे. काचच खाल्ली गेली आहे, बरीच वर्षं ओल्या मातीत राहून. ती धुऊन जात नाही. परदेशात तांब्याचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून यंत्रात दिवसेंदिवस फिरवतात, त्याने काचेचा पातळ थर घासला जातो. मला विचाराल तर राहू द्या धुरकट. काही लोक आतून तेलाचा हात फिरवून विकतात, तेव्हा वास घेऊन बघा.

रंगाने छापलेलं नाव असेल तर आम्ल लावू नका, रंग उठतो. त्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून अशा बाटलीतून पिऊ नका आणि भांडी घासायच्या तारेने तर मुळीच घासू नका.

केमिस्ट्री मास्तर

+१. आणि जुन्या बाटलीत घरी गॅस भरून 'गंमत' करू नका. बारीक तडा दिसत नाही आणि दाबाने काच फुटली की डोळ्यालाच लागते.

इरसाल पाव्हणा

मूळ प्रश्नावर या की लोकहो. बाटलीभर यांच्या घरी निकाल लागायचाय.

माझं मत, ठेवा बिनधास्त. डिपॉझिट कशाला घेतात? बाटली परत नाही आली तर नुकसान नको म्हणून. मग नुकसान झालंच कुठे?

निवांत नाना

असं नाही. पूर्वी सोडावाले काचेत नाव का उठवायचे? जाहिरात म्हणून नव्हे फक्त. ही बाटली अमक्याची मालमत्ता, दुसऱ्याने भरू नये, यासाठी. इंग्लंडात तर चुकून आलेल्या बाटल्या एकमेकांना परत करायला सोडावाल्यांनी संघ काढले होते. बाटली विकली जातच नाही, विकला जातो तो आतला माल.

दुसऱ्या बाजूनेही बोलतो. केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, कुलपं बघायला आपण तिकीट काढून जातो. दिनकर केळकरांनी ते जमवले तेव्हा लोकांना तो अडगळीचाच माल वाटत होता. कोणीतरी ठेवल्याशिवाय राहत नाही, हेही खरं.

सोडेवाल्यांची_सून

बरेच दिवस वाचनमात्र होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं.

माझ्या सासरी सोडा आणि सरबतांचा धंदा आहे, तालुक्याच्या गावी, आजेसासऱ्यांनी सुरू केलेला. नाव सांगत नाही, छोटं गाव आहे. डिपॉझिटचा हिशोब तुम्हाला वाटतो तसा नसतो. बाटलीचं डिपॉझिट नव्या बाटलीच्या किमतीपेक्षा कमी ठेवावं लागतं, नाहीतर शाळेतलं पोरगं सोडा घेणारच नाही. म्हणजे परत न आलेली प्रत्येक बाटली आमच्या खिशातून जाते.

बरं, पैसे भरून नवी आणू म्हटलं तर नावाचा साचा असलेली बाटली काच कारखाना थोडी थोडी करून देत नाही. भट्टी लावायची तर ट्रकभर घ्या म्हणतो. आमची तेवढी विक्री नाही आणि ठेवायला जागाही नाही. म्हणून आम्ही भंगारातून मापाच्या जुन्या बाटल्या निवडून आणतो, कॉस्टिकच्या पाण्यात धुतो, उजेडापुढे धरून एकेक तपासतो आणि भरतो. तुम्ही ज्याला 'दुसऱ्याच्या नावाच्या बाटलीत भरलेला दुर्मीळ नमुना' म्हणता तो आमच्याकडे नाइलाज असतो. सासऱ्यांच्या वेळच्या, आमचं नाव उठवलेल्या बाटल्या आता इतक्या कमी राहिल्यात की लग्नाची ऑर्डर असली तरी सासूबाई त्या बाहेर काढत नाहीत.

मध्यंतरी एक गृहस्थ आले, क्रेटमधून नेमक्या नावाच्या बाटल्या निवडून घेतल्या, सोडा तिथेच गटारात ओतला आणि बाटल्या घेऊन गेले. डिपॉझिट भरलं होतं त्यांनी. भांडता येईना.

पण सरसकट नाही म्हणणार नाही. ज्या बाटलीच्या ओठाला टवका उडालेला असतो तिला झाकण घट्ट बसत नाही, गॅस निघून जातो, शिवाय ग्राहकाच्या ओठाला लागायची भीती. ती आम्ही बाजूला टाकतो आणि महिन्याने काचवाला किलोवर घेऊन जातो. संग्रहाला हवी असेल तर ती मागा. कोणताही सोडावाला आनंदाने देईल, वर चहा पाजेल. चालू बाटली मात्र सोडा पिऊन परत करा.

फुटकी_चिमणी

ताई, किती नेमकं लिहिलंत. वेगळा धागा काढा ना धंद्याबद्दल. धुण्यापासून भरण्यापर्यंत सगळं वाचायला आवडेल.

तिरकस

मी पहिल्या प्रतिसादातच निकाल दिला होता याची नोंद घ्यावी.

भंगारप्रेमी

ताईंचा मुद्दा पटला, तरी संग्राहक म्हणून सांगतो, ओठाला टवका असलेल्या बाटलीला बाजारात कुत्रं विचारत नाही. कपाटात लावली तर पहिली नजर टवक्यावर जाते. मी नाही ठेवणार.

तळेगावकर

तुम्ही विकण्यासाठी जमवता की ठेवण्यासाठी? ठेवायची तर टवका मागच्या बाजूला करून ठेवा.

भंगारप्रेमी

ओठ गोल असतो हो. मागे केला तरी दिसतो.

निवांत नाना

टवका हा तिच्या नोकरीचा दाखला समजा. निवृत्तीपर्यंत काम केल्याचा. मला तर न वापरलेल्या कोऱ्या बाटलीपेक्षा अशी जास्त आवडेल.

बाटलीभर

@सोडेवाल्यांची_सून, तुम्ही लिहिलंत ते बायकोला वाचून दाखवलं. तिचा चेहरा कसा झाला असेल ते सांगत नाही.

ठरवलंय ते असं. बंद कारखान्यांच्या बाटल्या आहेत तशा राहतील. चालू कारखान्यांच्या ज्या धडक्या बाटल्या माझ्याकडे आहेत त्या ज्याच्या त्याला नेऊन देणार आणि बदल्यात टवक्याच्या मागणार. अगदी जुन्या, आता कोणाच्याच क्रेटमध्ये न दिसणाऱ्या साच्याच्या दोन-तीन आहेत त्यांचं काय करावं, ते मात्र ठरत नाही. त्या परत भरायला जाव्यात असंही वाटत नाही.

सोडेवाल्यांची_सून

तशा असतील तर आधी त्या घरच्यांना दाखवा. बऱ्याच घरांत स्वतःच्याच जुन्या बाटलीचा एकही नमुना नसतो. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळची गोटीची बाटली नाही, फक्त तिचं लाकडी दाबणं आहे. कोणी आणून दाखवली तर आम्ही ती भरणार नाही, हे नक्की. परत द्यायची का ठेवायची, ते सासरे आणि आणणारा बसून ठरवतील.

इरसाल पाव्हणा

म्हणजे चहा दोनदा होणार.

भंगारप्रेमी

ताई, तुमच्या गावाचं नाव नको, जिल्हा तरी सांगा. माझ्याकडे नाव न लागलेल्या बऱ्याच गोटीवाल्या आहेत, अक्षरं अर्धवट झिजलेली. काय सांगावं.

सोडेवाल्यांची_सून

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

कॅम्पकर

फोटो अजून आलेले नाहीत याकडे लक्ष वेधतो.

बाटलीभर

आजच्या आज टाकतो, साइझ मोठा म्हणून अपलोड होत नाहीयेत. रविवारी जुन्या बाजारात कोणी येणार असेल तर बाटल्या प्रत्यक्षच घेऊन येतो.

फुटकी_चिमणी

मी येते. तांदूळ आणू का?

गुळपोळी

मी पण. पण नंतर रासबेरी पाजणार असाल तर आधी सांगा, लेमन मिळत असेल तरच येईन.